जपान, युरोप आणि मधली अजिंठ्याची भिंत : 'नक्कल' हे साधन कसं वाचायचं?

पेट पास झाली, गाईड ठरले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे. या टप्प्यावर बरेच जण विचारतात, 'कला-इतिहासात काहीतरी आंतरराष्ट्रीय विषय घ्यायचाय, पण आपण बसलोय जळगाव-धुळ्यात. जपान आणि युरोप यांच्या कलेचा संबंध इथे बसून कसा अभ्यासणार?'

प्रश्न रास्त आहे. पण जरा नकाशा बघा. जळगावहून नेरी, पहूर करत फर्दापूरला गेलात की साधारण ६० किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. लेण्यांच्या पायथ्याशी वाहते ती वाघूर नदी. याच वाघूरच्या धरणाचं पाणी जळगाव शहर पितं. जपान आणि पश्चिम एकमेकांची कला समजून घेत होते त्या काळात हे दोघेही या लेण्यांपर्यंत आले. दोघांनीही इथल्या भिंतींची चित्रं उतरवून नेली. म्हणजे तुमच्या 'आंतरराष्ट्रीय' विषयातला एक महत्त्वाचा दुवा तुमच्या घराजवळच आहे.

आज तोच दुवा समजून घेऊ. सोबत एक पद्धतही शिकू. ती म्हणजे 'नक्कल' हे इतिहासाचं साधन म्हणून कसं वाचायचं.

आधी शब्द नीट धरू : देवाणघेवाण म्हणजे नेमकं काय?

'जपानचा युरोपवर प्रभाव पडला' हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहिलंत, तर समितीतला कुणीतरी विचारणारच : प्रभाव पडला म्हणजे काय झालं? कोणी, काय, कधी, कोणत्या मार्गाने पाहिलं?

दोन उदाहरणं घ्या. होकुसाईचं ते जगप्रसिद्ध मोठ्या लाटेचं चित्र साधारण १८३१ सालचं. त्यातला गडद निळा रंग आहे प्रशियन ब्लू. हा रंग अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झाला आणि परदेशी व्यापारातून जपानला पोचला. चित्रात मागचा फुजी पर्वत इतका लहान दिसतो, त्यामागे युरोपीय पद्धतीचं दूर-जवळचं गणित आहे. म्हणजे आपण ज्याला 'अस्सल जपानी' म्हणतो, त्यात युरोप आधीच मिसळलेला आहे.

आता उलट बाजू. १८८७ साली पॅरिसमध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉगने हिरोशिगेची दोन छापचित्रं तैलरंगात उतरवली. चित्रांभोवती त्याने जपानी अक्षरांची चौकट काढली. ती अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, दुसऱ्या छापचित्रांवरून तो ती नुसती उतरवत होता. आता विचार करा, या नकलेतून आपल्याला कोणाबद्दल जास्त कळतं? हिरोशिगेबद्दल की व्हॅन गॉगबद्दल?

आजच्या लेखाची किल्ली इथेच आहे. नक्कल मूळ चित्राबद्दल थोडं सांगते आणि नक्कल करणाऱ्याच्या नजरेबद्दल बरंच सांगते.

अजिंठ्यावर पश्चिमेची नजर

१८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला आणि लेणी युरोपियनांच्या नजरेत आली. (स्थानिक लोकांना ती ठाऊक होतीच. म्हणून 'शोध लावला' हा शब्द जपून वापरा.) पुढे जेम्स फर्ग्युसनने चित्रं नष्ट होत असल्याकडे लक्ष वेधलं आणि १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिलला नकला करायला नेमलं. गिलने अनेक वर्षं अजिंठा गावात राहून कॅनव्हासवर तैलरंगात मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनला गेल्या. १८६६ साली सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जळाल्या. १८७९ साली गिल वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

गिल आणि पारोची गोष्ट खानदेशात सगळ्यांना माहीत असते. ना. धों. महानोरांची 'अजिंठा' ही दीर्घकविता आणि नंतरचा सिनेमा यांमुळे ती घरोघरी पोचली. कवीला हवं ते स्वातंत्र्य असतं. संशोधकाने मात्र दोन कप्पे वेगळे ठेवायचे. अजिंठ्यातली पारोची कबर आणि तिच्यावरचा १८५६ सालचा लेख हा पुरावा. त्याभोवती पुढे वाढलेली गोष्ट ही स्मृती. दोन्ही अभ्यासाचेच विषय आहेत, पण एकाच्या जागी दुसरं वापरता येत नाही.

गिलनंतर आला जॉन ग्रिफिथ्स. तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षक होता. १८७२ पासून १८८५ पर्यंत हंगामा-हंगामाने तो विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत राहिला. पेस्तनजी बोमनजी हे त्यातलं एक ठळक नाव. या नकलाही लंडनला गेल्या आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यातल्याही बऱ्याच जळाल्या. उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. युरोपने अजिंठा पाहिला तो बराचसा या ग्रंथातून.

या ग्रंथातली ग्रिफिथ्सची नजर बघा. लेणं क्रमांक १६ मधल्या एका चित्राला त्याने 'मरणासन्न राजकन्या' म्हटलं. त्या चित्राची तुलना त्याने फ्लॉरेन्स आणि व्हेनिसच्या चित्रकारांशी केली आणि भावदर्शनात अजिंठा त्यांना हार जात नाही असं म्हटलं. स्तुती मोठी आहे, पण मोजपट्टी इटलीची आहे. नंतरच्या अभ्यासकांनी हे दृश्य बुद्धाचा भाऊ नंद याच्या कथेतलं मानलं : नवरा भिक्षू झाल्याचं कळल्यावर कोसळलेली त्याची पत्नी सुंदरी. 'मरणासन्न राजकन्या' हे नाव मात्र अजून पुस्तकांत चालूच आहे.

तिसरी नक्कलकार लेडी ख्रिस्टियाना हेरिंगहॅम. १९०९ ते १९११ या काळात तिने काम केलं. इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनीच्या जुन्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर तिच्या नावावर होतं, म्हणजे जुनी इटालियन तंत्रं ती हाताने जाणत होती. तिच्यासोबत कलकत्त्याचे नंदलाल बोस, असितकुमार हलदार, के. वेंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्ता आणि हैदराबादचे सय्यद अहमद व मुहम्मद फझलुद्दीन होते. १९१५ साली लंडनच्या इंडिया सोसायटीने या नकला छापल्या. त्या ग्रंथात पूर्वेकडच्या कलेत अजिंठ्याचं स्थान काय, यावर लेख लिहिला लॉरेन्स बिनियनने. बिनियन ब्रिटिश म्युझियममध्ये चीन-जपानच्या चित्रांचा अभ्यास करणारा माणूस. म्हणजे इथपर्यंत येईतो पश्चिमेची मोजपट्टी बदलू लागली होती. अजिंठ्याशेजारी आता फ्लॉरेन्ससोबत जपानही ठेवला जात होता.

अजिंठ्यावर जपानची नजर

ही मोजपट्टी बदलायला जपानही कारण होता. १८७६ साली जपान सरकारने तोक्योत पाश्चात्त्य पद्धतीची कलाशाळा काढली आणि इटलीहून अंतोनियो फोंतानेझीला शिकवायला आणलं. १८७८ मध्ये अमेरिकेहून अर्नेस्ट फेनोलोसा तोक्यो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायला आला. तो जपानच्या जुन्या कलेच्या प्रेमात पडला आणि 'तुमची कला टाकून आमची घेऊ नका' असं जपान्यांनाच सांगू लागला. त्याचा विद्यार्थी ओकाकुरा काकुझो. १८८९ साली 'कोक्का' हे कलाविषयक नियतकालिक सुरू करणाऱ्यांत ओकाकुरा होता. पुढच्याच वर्षी तो तोक्योच्या नव्या कलाशाळेचा प्रमुख झाला.

नारा प्रांतात होर्यूजी नावाचं प्राचीन बौद्ध मंदिर आहे. तिथल्या मुख्य सभागृहात सातव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराची भित्तिचित्रं होती. ती पाहून प्रश्न पडायचा, की ही शैली आली कुठून? फेनोलोसाकडे 'ग्रीक-बौद्ध कला' हे उत्तर तयार होतं. ग्रीसहून गांधार, तिथून चीन, तिथून जपान. वास्तुतज्ज्ञ इतो चूता याने १८९३ मध्ये होर्यूजीच्या मधे फुगीर असलेल्या खांबांची तुलना थेट भूमध्य समुद्राकडच्या खांबांशी केली. कल्पना करा, जपान नुकताच पश्चिमेच्या बरोबरीने उभं राहू बघत होता. अशा वेळी 'आमच्या सर्वांत जुन्या मंदिरात ग्रीस आहे' हे वाक्य किती गोड लागलं असेल!

ओकाकुराने वेगळी दिशा घेतली. १९०२ साली तो भारतात होता आणि अजिंठा-वेरूळलाही येऊन गेला. १९०३ साली लंडनमध्ये निघालेल्या 'द आयडियल्स ऑफ द ईस्ट' या इंग्रजी पुस्तकाला भगिनी निवेदितांची प्रस्तावना आहे. आशिया मुळात एक आहे, हे त्याचं सूत्र. गांधार कलेतसुद्धा ग्रीकपेक्षा चिनी लक्षणं जास्त दिसतील, असं त्याने ठासून मांडलं. होर्यूजीच्या भिंतींचं नातं त्याने अजिंठ्याशी जोडलं.

गंमत बघा. ग्रीसऐवजी अजिंठा मांडणारा हा माणूस ते इंग्रजीत, लंडनच्या प्रकाशकाकडे, अमेरिकन गुरूकडून शिकलेल्या कला-इतिहासाच्या भाषेत मांडत होता. पश्चिमेला उत्तर देण्यासाठी पश्चिमेचंच व्यासपीठ. 'देवाणघेवाण' ही अशी गुंतागुंतीची असते.

यानंतर आला आराइ काम्पो. हा जपानी चित्रकार १९१६ मध्ये रवींद्रनाथ ठाकूरांच्या निमंत्रणावरून कलकत्त्याला आला आणि जोरासाँकोच्या 'बिचित्रा'मध्ये जपानी चित्रपद्धती शिकवू लागला. नंदलाल बोसांशी त्याची मैत्री झाली. मग १९१७-१८ च्या हंगामात, 'कोक्का'शी जोडलेल्या जपानी मंडळींसोबत, त्याने अजिंठ्यात नकला केल्या. त्या तोक्यो विद्यापीठात ठेवल्या गेल्या आणि १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपानंतरच्या आगीत जळाल्या.

गोष्ट इथे थांबत नाही. १९४० पासून जपान सरकारने होर्यूजीच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला घेतल्या. त्या चित्रकारांमध्ये हाच आराइ काम्पो होता. ज्या दोन भिंतींची तुलना इतरांनी पुस्तकांतून केली, त्या दोन्ही याच्या हाताखालून गेल्या. १९४५ मध्ये होर्यूजीच्या कामासाठी प्रवासात असतानाच तो वारला. २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे, नकलांचं काम चालू असतानाच, त्या सभागृहाला आग लागली आणि मूळ भित्तिचित्रांचे रंग गेले. या धक्क्यातून जपानने १९५० साली सांस्कृतिक संपत्तीच्या संरक्षणाचा कायदा केला.

साम्य दिसलं म्हणजे संपर्क सिद्ध झाला का?

नाही. इथे भलेभले घसरतात.

अजिंठ्याच्या लेणं क्रमांक १ मधला पद्मपाणी आणि होर्यूजीचे बोधिसत्त्व शेजारी ठेवले की कमरेतला झोक, बोटांची ठेवण, झुकलेले डोळे सारखे वाटतात. पण अजिंठ्याची ही चित्रं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली, वाकाटक काळातली. होर्यूजीची सुमारे २०० वर्षांनंतरची. मधे हजारो किलोमीटर आणि अख्खा चीन. रेषाही वेगळी. अजिंठ्याची रेषा जाड-बारीक होत शरीराला गोलाई देते. होर्यूजीची रेषा सगळीकडे सारख्या जाडीची, ताणलेल्या तारेसारखी. अशा रेषेचं वर्णन चिनी ग्रंथांत खोतानहून थांग राजधानी छांगआनला आलेल्या युची ईसंग या चित्रकाराबद्दल येतं. म्हणजे 'अजिंठा ते होर्यूजी' हा सरळ बाण काढण्याऐवजी अजिंठ्यासारखी भारतीय चित्रं, मध्य आशिया, छांगआन आणि मग नारा अशी साखळी मांडावी लागते.

या साखळीचा दगडी पुरावा बघायचाय? नारामधल्या याकुशीजी मंदिरात ७५३ सालची बुद्धपदांची शिळा आहे. तिच्यावरच्या लेखात असं नोंदवलंय की चिनी राजदूत वांग श्वानत्से याने भारतात या पदचिन्हांची नक्कल केली, ती छांगआनला आली, तिथून एका जपान्याने तिची नक्कल नेली आणि त्या नकलेवरून ही शिळा झाली. नकलेची नक्कल आणि तिचीही नक्कल, आणि हे सगळं दगडावर लिहून ठेवलेलं! प्रवासाचा पुरावा म्हणतात तो असा. नुसत्या 'सारखं दिसतं' पेक्षा अशा एका लेखाचं वजन जास्त.

नक्कल वाचताना विचारायचे चार प्रश्न

१. *माध्यम कोणतं?* अजिंठ्याची चित्रं कोरड्या मातीच्या गिलाव्यावर, डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेल्या रंगांनी काढलेली आहेत. गिलने ती तैलरंगात कॅनव्हासवर उतरवली. तेलामुळे सावल्या खोल होतात, चित्र युरोपीय वाटू लागतं. जपानी चित्रकार कागदावर, कुंचल्याने रेषा आधी पकडतो. एकच मूळ, दोन वेगळे अजिंठे.

२. *फाटलेल्या जागेचं काय केलं?* गिलावा पडला होता तिथे नक्कलकाराने जागा कोरी ठेवली की अंदाजाने भरली? भरली असेल तर ते त्याचं अर्थनिर्णयन आहे. त्याला मूळ चित्राचा पुरावा धरू नका.

३. *नकलेमुळे मूळ चित्राला काय झालं?* रंग उठून दिसावेत म्हणून नक्कलकारांनी भिंतींवर व्हार्निश लावलं. ते पुढे पिवळट-काळं पडलं. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानींच्या काळात, १९२० च्या सुमारास चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ बोलावले. चित्रांवरचं व्हार्निश काढण्याची खटपट तेव्हापासून चालू आहे. म्हणजे आज आपण जो काळपट अजिंठा बघतो, त्यातही एकोणिसाव्या शतकाचा हात आहे.

४. *नक्कल कोणासाठी होती?* लंडनच्या प्रदर्शनासाठी, मुंबईच्या विद्यार्थ्यांच्या सरावासाठी, की तोक्योच्या विद्यापीठासाठी? कोणता प्रसंग निवडला आणि कोणता सोडला, हे त्यावरून ठरतं.

हे चार प्रश्न छायाचित्रांनाही लावा. गिलने लेण्यांची त्रिमितीय छायाचित्रंही काढली आणि १८६४ मध्ये ती फर्ग्युसनसोबत पुस्तकरूपात आली. होर्यूजीच्या बाबतीत १९३५ साली क्योतोच्या बेनरिदो या मुद्रकांनी घेतलेली प्रत्यक्ष आकाराची छायाचित्रं होती, म्हणून १९६७-६८ मध्ये भिंतींच्या नव्या प्रतिकृती करता आल्या. मूळ जळालं, तेव्हा नक्कलच साधन बनली.

मग खानदेशात बसून काय करता येईल?

'जपान आणि पश्चिम यांची कलात्मक देवाणघेवाण' हा सिनॉप्सिसचा विषय होऊ शकत नाही. ते दहा जणांचं आयुष्यभराचं काम आहे. पण पुढचे विषय होऊ शकतात :

– लेणं क्रमांक १६ मधलं सुंदरीचं चित्र गिल, ग्रिफिथ्स, हेरिंगहॅम आणि याझदानी यांच्या ग्रंथांत व संग्रहांत कसकसं दिसतं, याचा तौलनिक अभ्यास. चित्र एकच, नजरा अनेक.

– लेण्यांपर्यंतचा मार्ग. लेणी निजामाच्या हद्दीत होती, पण रेल्वे ब्रिटिश खानदेशातून जात होती. नक्कलकारांचं सामान, मजूर, मुक्काम, आजारपण हे सगळं या सीमेवर घडलं. जिल्हा गॅझेटियर आणि रेल्वेच्या नोंदींपासून सुरुवात करता येते.

– फर्दापूरच्या बाजूला जपानच्या कर्जसाहाय्याच्या प्रकल्पातून उभं राहिलेलं अभ्यागत केंद्र. तिथे लेणी १, २, १६ आणि १७ यांच्या प्रतिकृती केल्या आहेत. आराइ काम्पोनंतर शंभरेक वर्षांनी, जपानच्या पैशातून, पुन्हा नक्कलच! या प्रतिकृतींनी नेमका कोणता अजिंठा दाखवायचं ठरवलं?

जपानी येत नाही म्हणून घाबरू नका, पण त्याकडे दुर्लक्षही करू नका. 'कोक्का'चा अभ्यास करायचा तर जपानी लागणारच. पहिल्या विषयाला ती लागणार नाही. विषय आणि आपली भाषा यांचा मेळ आधी घाला.

धुळ्याच्या मित्रांना तर वेगळं सांगायला नकोच. वि. का. राजवाडे आयुष्यभर गावोगाव कागद शोधत हिंडले आणि १९२६ साली धुळ्यातच गेले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तुमच्या शहरात आहे. मूळ कागद हातात घेतल्याशिवाय बोलायचं नाही, ही त्यांची शिस्त. भित्तिचित्रांच्या बाबतीत ती थोडी वाढवावी लागते. मूळ भिंत रोज थोडी फिकी होते आहे. नकला १८६६, १८८५ आणि १९२३ मध्ये जळाल्या. म्हणून उरलेली प्रत्येक नक्कल ही आता मूळ कागदाइतकीच जपून वाचायची गोष्ट आहे.

या सुट्टीत एवढंच करा. ग्रिफिथ्सच्या नकलेची एक प्रतिमा मोबाइलमध्ये घ्या, तिकीट काढून त्याच भिंतीसमोर अर्धा तास उभे राहा आणि दोघांतले फरक वहीत लिहा. किमान वीस. त्यातला एखादा फरक तुम्हाला कुठल्याच पुस्तकात सापडला नाही, तर तुमचा संशोधनप्रश्न तिथूनच सुरू होतो.